अख्खा देश एका रिक्षात

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून जरा लांब लिहिणार आहे. वेळ असेल तर वाचा.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आज कुणीतरी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या उद्घाटनाची क्लिप टाकली. तुवालू नावाच्या देशाचं पथक. पथकात खेळाडू एकच, एटिमोनी टिमुआनी, शंभर मीटर धावणारा. झेंडाही त्याच्याच हातात. खाली कमेंट काय, तर 'अख्खा देश एका रिक्षात मावला', 'यापेक्षा आमच्या सोसायटीची टीम मोठी'. त्यावर हसणाऱ्या तोंडांची रांग. पन्नाशीला आलेली, शिकलेली, एरवी कुणाच्याही अडीअडचणीला धावणारी माणसं आहेत ही. मी काही न लिहिता फोन उपडा ठेवला आणि भाकरी थापायला घेतल्या. दोन करपल्या.

कारण मला तो हशा ओळखीचा आहे.

१९८७ साल. मी चौथीत. आमचं गाव कोयनेच्या पाण्यापलीकडं. शाळा एका खोलीची, चार वर्गांत मिळून अकरा पोरं. तालुक्याच्या क्रीडास्पर्धेला आम्ही दोघंच गेलो, मी आणि माझा चुलतभाऊ, ज्याला सगळं गाव दादाच म्हणतं. पहाटे लाँचनं बामणोली, तिथनं एसटी. संचलनाला माझ्या हातात शाळेचा फलक, दादाच्या हातात झेंडा. मागं कुणी नाही. पुढच्या शाळेची चाळीस पोरं, पांढरे बूट, लेझीम. आम्ही मंडपासमोर आलो आणि माइकवरचे गृहस्थ म्हणाले, "ही शाळा आली का पाहुणे आले?" सगळं मैदान हसलं. तेवढ्यात आमचे गुरुजी कडेनं पळत आले आणि दादाच्या मागं पाय जुळवून चालायला लागले. धोतर, काळी टोपी, हात ताठ. पुटपुटत होते, "बघायचं न्हाय इकडंतिकडं. रांग मोडायची न्हाय."

दोघांची रांग. गुरुजी धरून तिघांची.

आता तुवालूचं ऐका. पॅसिफिक महासागरात नऊ बेटं, सगळी मिळून जमीन २६ चौरस किलोमीटर. माणसं साधारण अकरा हजार. राजधानी फुनाफुती. तिथली जमीन काही ठिकाणी इतकी अरुंद की रस्त्यावर उभं राहिलं तर दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो. मोकळी सपाट जागा म्हणजे विमानाची धावपट्टी, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं बांधलेली. विमानं आठवड्यातून मोजकीच. त्यामुळे संध्याकाळी पोरंसोरं, बायामाणसं तिथंच खेळतात, फुटबॉल, व्हॉलीबॉल, सगळं. विमान यायचं असलं की भोंगा वाजतो, माणसं बाजूला होतात, विमान उतरतं, गेलं की पुन्हा खेळ सुरू. हा देश २००७ साली ऑलिंपिक समितीत आला आणि २००८ ला बीजिंगला पहिल्यांदा तीन जण गेले, त्यातला लोगोना इसाऊ वजन उचलणारा. रिओला एक. पॅरिसला दोन. अजून एकही पदक नाही.

आणि आपण हसतोय.

खाशाबांना १९५२ साली हेलसिंकीला पाठवायला लोकांनी वर्गणी काढली, कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं, हे आपण डोळ्यांत पाणी आणून पोरांना सांगतो ना? मग दुसऱ्या कुणाची परिस्थिती बघून दात कसे निघतात?

एकानं लिहिलं, 'यांना फुकटात प्रवेश देतात, लायकी नसताना.' नियम आहे तसा, हो. ज्या देशाचा कुणीच पात्रता गाठत नाही त्याला मोजक्या जागा देतात, आणि शंभर मीटरला अशा धावपटूंची मुख्य शर्यतींच्या आधी वेगळी प्राथमिक फेरी होते. टिमुआनीची वेळ ११.८१ सेकंद होती, आपल्याकडं जिल्ह्याला त्याच्याहून जोरात पळणारी पोरं निघतील, मान्य. पण ती जागा त्याला लायकीबद्दल बक्षीस म्हणून दिलेली नव्हती. जगातल्या सगळ्या देशांना बोलावलंय म्हटल्यावर त्या देशाचं नाव पुकारलं गेलंच पाहिजे, म्हणून दिली होती. घरात लग्न असेल तर वाडीतल्या शेवटच्या उंबऱ्यालाही अक्षत जाते. तो आहेर किती आणणार, हे बघून कुणी बोलावत नाही.

रागाच्या भरात मी ग्रुपवर टाकायला एक उत्तर लिहून काढलं होतं. ३ ऑगस्ट २०२४, पॅरिस. डॉमिनिकाच्या थिया लाफाँडनं तिहेरी उडीत सुवर्ण घेतलं, १५.०२ मीटर. त्याच संध्याकाळी सेंट लुशियाच्या ज्युलियन आल्फ्रेडनं शंभर मीटर १०.७२ सेकंदांत जिंकली. दोन्ही कॅरिबियन बेटं, दोन्ही देशांचं ऑलिंपिकमधलं पहिलंवहिलं पदक, तेही सोन्याचं. आपले ११७ खेळाडू गेले, सहा पदकं आली, त्यात सोन्याचं एकही नाही. पदकांच्या यादीत ही बेटं आपल्या कितीतरी वर. बसा आता हसत!

पाठवणार होते, आणि हात थांबला. म्हणजे पदक आणलं तरच मान द्यायचा का? मग टिमुआनीचं काय? आमच्या दादाचं काय?

दादा शेवटून पहिला आला होता. अनवाणी. छातीवर टाचणीनं लावलेला कागदी नंबर वाऱ्यानं उलटून तोंडावर येत होता, एका हातानं तो दाबत पळत होता. बाकीची पोरं केव्हाच पोचली होती. शेवटाला धरलेली दोरी जमिनीवर पडली होती, धरणारी पोरं निघून गेली होती. गुरुजी खाली वाकले, दोरीचं एक टोक उचललं आणि मला ओरडले, "धर गं ते टोक!" मी फलक टाकला आणि धरलं. दादा दोरीला छाती लावून थांबला. मोठ्यानं श्वास घेत होता, घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. आजही तो आवाज कानात आहे.

दुसरी एक गोष्ट सांगायची राहते. ती मला जास्त लागते.

आमचं गाव पाण्यापलीकडं आपोआप गेलं नाही. धरण झालं, खालची चांगली जमीन बुडाली, माणसं डोंगरावर चढली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आजी बोट दाखवून सांगायची, तिथं आपलं खळं होतं. वीज मुंबईला गेली, कारखान्यांना गेली, आमच्या घरात दिवा कितीतरी वर्षांनी लागला. धरण नको होतं असं मी म्हणत नाही, त्याच विजेवर मीही पुढं शहरात शिकले. पण चाळीस पोरांची शाळा आमच्यावर हसली तेव्हा ह्यांना माहीतच नव्हतं, ही शाळा एवढीशी का राहिली.

तुवालूचंही तेच. धुरानं जग तापतंय, समुद्र चढतोय. धूर कुणाचा आणि बुडतंय कोण! त्यांचे मंत्री सायमन कोफे २०२१ च्या हवामान परिषदेसाठी गुडघाभर समुद्रात उभे राहून बोलले. ती जागा पूर्वी कोरडी होती. आता ऑस्ट्रेलियाशी करार झालाय, वर्षाला २८० जणांना तिकडं राहायला जाता येईल. अकरा हजारांतले २८०. शेजारच्या किरिबातीचा डेव्हिड काटोआटाऊ, २०१४ साली ग्लासगोला देशाला राष्ट्रकुलमधलं पहिलं पदक मिळवून देणारा, तेही सुवर्ण. रिओमध्ये वजन उचलून झालं की मंचावर नाचायचा. तोही व्हिडिओ आपल्याकडं 'मजेशीर' म्हणून फिरला. बेटं बुडतायत, तिकडं जगानं बघावं म्हणून नाचत होता तो.

ज्यांनी हसण्याची तोंडं टाकली त्यांच्यावर मी कायमचा राग धरणार नाही. बघताना कळत नाही कधीकधी. मलाही तो फलक हातात धरला नसता तर कदाचित कळलं नसतं. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर तपकिरी कागद चिकटवून गुरुजींनी तो रात्री कंदिलाच्या उजेडात केला होता. शाळेचं नाव लांब, पुठ्ठा आखूड. शेवटची चार अक्षरं दाटीवाटीनं, एकमेकांना खेटून बसवलेली.

संध्याकाळी दादाला फोन केला. तो आता लाँच चालवतो. बामणोलीच्या धक्क्याला असला तरच लागतो. मी सगळं सांगितलं, देश केवढा, पोरगा एकटाच कसा चालला, इकडं हसले कसे. त्यानं शांतपणे ऐकलं. इंजिनाचा आवाज येत होता. मग म्हणाला, "मागं कोण चाललं का त्याच्या?"

मी म्हटलं, क्लिप पाठवते, तूच बघ. शेवटची फेरी होती, माणसं खोळंबली होती, त्यानं फोन ठेवला. क्लिप पाठवलीय. पलीकडं रेंज नसते. अजून एकच टिक दिसतेय.