विवियन हार्श यांनी शिकागोचा ब्लॅक इतिहास जपला, तोही युनिव्हर्सिट्यांच्या आधी

एक फॉरवर्ड फिरतंय, तुमच्याकडेही आलं असेल: अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांचा शहराशहरातला इतिहास कुणी जपून ठेवलाच नव्हता, १९६० नंतर युनिव्हर्सिट्यांनी तो शोधून काढला, आणि लायब्रेरियनचा त्यात काय संबंध, ते शिक्का मारून पुस्तक देतात. तिन्ही गोष्टी चूक आहेत, एकट्या शिकागोकडे बघितलं तरी कळतं.

"जपलाच नव्हता" हे तर धडधडीत खोटं. विवियन हार्श शिकागोच्याच. १९०९ ला पब्लिक लायब्ररीत ज्युनियर क्लार्क म्हणून लागल्या, मधे बॉस्टनच्या सिमन्स कॉलेजात जाऊन रीतसर शिकल्या, तरी लायब्रेरियन व्हायला १९२४ उजाडलं, आणि जानेवारी १९३२ मध्ये ब्रॉन्झव्हिलमध्ये, म्हणजे शिकागोतल्या ब्लॅक वस्तीत, लायब्ररीची हॉल ब्रँच उघडली तेव्हा तिच्या प्रमुख झाल्या. शिकागोत ब्रँच सांभाळणाऱ्या त्या पहिल्या ब्लॅक व्यक्ती. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून ब्लॅक माणसांचे लोंढे येत होते, १९१० ला शहरात ४४ हजार ब्लॅक लोक होते ते १९३० पर्यंत २ लाख ३३ हजारांवर गेले, आणि या लोकांनी लिहिलेलं, यांच्याबद्दल छापलेलं बाई जिद्दीने गोळा करत राहिल्या.

आता युनिव्हर्सिट्यांचं. १९३० च्या दशकातल्या मंदीच्या काळात सरकारने बेकार लेखकांना कामाला लावलं होतं, त्यात इलिनॉयमधल्या (शिकागो ज्या राज्यात आहे ते) ब्लॅक लोकांवर एक मोठं पुस्तक करायचं ठरलं, आर्ना बाँटेम्प्स आणि जॅक कॉनरॉय हे लेखक ते बघत होते. चर्च, वर्तमानपत्रं, धंदे, गाणारे-वाजवणारे, सगळ्यांवर टिपणं काढली, प्रकरणांचे कच्चे खर्डे टाइप झाले, आणि १९४२ ला प्रोजेक्टच बंद! पुस्तक निघालं नाही. ते कागद गेले कुठे, तर हार्शबाईंच्या ब्रँचमध्ये. तिथे जागा मिळाली नसती तर त्यांचं काय झालं असतं कोण जाणे. युनिव्हर्सिट्यांनी पुढे खूप काम केलं हे मान्यच, पण बाई १९५८ ला रिटायर झाल्या आणि १९६० ला वारल्या, म्हणजे फॉरवर्डमधला इतिहास सुरू व्हायच्या आतच त्यांचं काम पुरं झालं होतं.

राहिला शिक्का. १९३३ पासून या ब्रँचमध्ये पुस्तकांवर चर्चा आणि भाषणं व्हायची, लँग्स्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन असे नावाजलेले ब्लॅक लेखक यायचे. मुलांचा विभाग शार्लमे रोलिन्स बघायच्या, मुलांच्या पुस्तकांत ब्लॅक माणसांची टिंगल असते म्हणून त्यांनी १९४१ ला चांगल्या पुस्तकांची यादीच छापून आणली.

हा संग्रह १९७५ पासून शिकागोच्या वुडसन रिजनल लायब्ररीत आहे आणि हार्श यांच्याच नावाने आहे. फॉरवर्ड पुढे ढकलायचंच असेल तर हे नाव जोडून पाठवा.