‘एकच प्याला’ : दारूच्या पलीकडचे नाटक

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’विषयीचे एक टिपण सध्या गोव्यातील नाट्यप्रेमींच्या आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरत आहे. त्यातील दावा असा की, हे नाटक म्हणजे दारूच्या दुष्परिणामांची प्रचारकथा आहे, तळीराम तिचा खलनायक आहे आणि नायकाची बायको सिंधू हा स्त्रियांना शिकवलेला पातिव्रत्याचा धडा आहे. गडकऱ्यांनी स्वतः लिहिलेल्या पदांमुळे नाटक तरले आणि हे यश त्यांनी डोळ्यांनी पाहिले, असेही त्यात म्हटले आहे. शेवटी, जिथे दारू कधीच निषिद्ध नव्हती त्या गोव्यात आता या नाटकाला अर्थ नाही, असा निष्कर्ष काढला आहे.

पदांविषयीचे आणि यशाविषयीचे विधान सरळ चुकीचे असल्याने ते आधी निकालात काढू. नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले आणि गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग बडोद्यात केला तो त्यानंतर, २० फेब्रुवारी १९१९ रोजी. बालगंधर्वांची सिंधू लेखकाला रंगमंचावर पाहायला मिळालीच नाही.

आता मुख्य दाव्याकडे वळू. दारू हाच नाटकाचा विषय असता, तर नायक सुधाकर पहिला घोट घेण्यापूर्वी गडकऱ्यांनी त्याच्या स्वभावाची इतकी तयारी केली नसती. सुधाकर बुद्धिमान वकील आहे, स्वकष्टाने वर आलेला आहे आणि कोणाचे उणे बोलणे त्याला सहन होत नाही. न्यायालयात मुन्सफाशी खटका उडतो, त्याची वकिलीची सनद काही काळापुरती काढून घेतली जाते आणि तो अपमान विसरता येत नाही, अशा अवस्थेत त्याचा कारकून तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो. पुढे मित्र रामलालच्या प्रयत्नाने आणि सिंधूच्या दुःखाने भानावर येऊन तो दारू सोडण्याचा निश्चय करतो, काम शोधण्यासाठी बाहेर पडतो आणि ओळखीची प्रतिष्ठित माणसे त्याला अविश्वासाने झिडकारतात, तेव्हा तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. दोन्ही वेळा जखम एकाच जागी झालेली आहे. दारूच्या मोहापेक्षा मानभंग सोसण्याची असमर्थता त्याला खाली ओढते; दारू त्या पडण्याला वेग देते आणि परतीची वाट बंद करते. शोकांतिकेच्या नायकाचा नाश त्याच्या गुणाला चिकटलेल्या दोषातून व्हावा, ही अपेक्षा येथे काटेकोरपणे पाळलेली दिसते, कारण ज्या स्वाभिमानाने सुधाकर मोठा झाला तोच त्याला झुकू देत नाही.

प्रचारकथा म्हणणाऱ्यांनी भगीरथाचेही काय करायचे ते सांगावे. प्रेमभंगाने पिऊ लागलेला हा तरुण सावरतो, म्हणजे दारूला हात लावलेला प्रत्येक माणूस संपतोच, असे नाटक म्हणत नाही. रामलाल तर पीतच नाही. तरी जिला मुलीसारखी मानली त्या बालविधवा शरदविषयी त्याच्या मनात अभिलाषा उत्पन्न होते आणि तो स्वतःशीच झगडतो. केवळ मद्यपानावर बोलायचे असते, तर हे उपकथानक उपरे ठरले असते. (प्रयोगात ते कंटाळवाणे होऊ शकते, हे मात्र मान्य केले पाहिजे, रामलालची भाषणे लांबच आहेत.) माणसाला स्वतःच्या मनावर कितपत ताबा ठेवता येतो, हा प्रश्न सुधाकर आणि रामलाल या दोघांनाही लागू करण्यासाठी ते आलेले आहे.

तळीरामाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या नाशातून त्याला काहीच मिळवायचे नाही आणि तोही दारूनेच मरतो. आर्य मदिरा मंडळातील, म्हणजे नाटकातल्या मद्यपींच्या टोळक्यातील, त्याच्या कोट्यांवर प्रेक्षक खळखळून हसतात, म्हणजेच सुधाकराला ओढणाऱ्या संगतीचा रस काही काळ तेही चाखतात. आपल्याकडच्या देवळांच्या उत्सवांतून होणाऱ्या नाटकांचा प्रेक्षक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

सिंधूच्या बाबतीत टिपणकर्त्याशी अर्धी सहमती आहे. पतीच्या पायांशी बांधलेली तिची निष्ठा लेखकाने गौरवाच्या प्रकाशात दाखवली आहे आणि बालगंधर्वांच्या गायनाने त्या प्रकाशाला आणखी झळाळी आली असणार. तिच्या सहनशीलतेची नाटककाराने चिकित्सा केली आहे, असे म्हणणे म्हणजे आजचे मत त्याच्या तोंडी घालणे होय. मात्र त्या निष्ठेचे परिणाम त्याने लपवलेले नाहीत. माहेरची मदत घ्यायची नाही ही सुधाकराची अट पाळत ती दळण दळते, घर उपाशी राहते, मूल बापाच्या हातून मरते आणि स्वतः प्राणघातक मार खाल्ल्यावरही पोलिसांसमोर ती आपण पडल्याचे सांगते. तिच्याशेजारी तळीरामाची बायको गीता आहे, जी नवऱ्याविषयी फटकळपणे बोलते. धडाच द्यायचा असता, तर लेखकाने सिंधूच्या त्यागाला एखादे तरी फळ दिले असते. येथे त्या त्यागाने ना मूल वाचते, ना नवरा.

गोव्याविषयीच्या युक्तिवादात नाटक आणि कायदा यांची गल्लत आहे. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा, म्हणजे नाटकानंतर तीस वर्षांनी आलेला. सुधाकर पितो तेव्हा कायदा मोडत नाही. दुकान उघडे असणे ही त्याच्या जगातली साधी वस्तुस्थिती आहे, जशी ती काजूच्या हंगामात हुर्राक ही काजूची दारू खुलेपणाने विकल्या जाणाऱ्या आपल्या गावांतही आहे. व्यसनाच्या पायऱ्यांविषयी सुधाकर जे बोलतो, त्यासाठी बंदीची पार्श्वभूमी लागत नाही. उलट जिथे पिण्याला कोणी नावे ठेवत नाही, तिथे त्या बोलण्याचा काच अधिक जाणवावा.

एक विनंती नाट्यसंस्थांना करावीशी वाटते. हे लांबलचक नाटक वेळेत बसवण्यासाठी कात्री लावावी लागते, तेव्हा सिंधूचे मरण, पदे आणि तळीरामाचे विनोद आपोआप सुरक्षित राहतात. रामलालची भाषणे निम्मी केली तरी चालतील, पण सुधाकर काम मागायला जातो आणि झिडकारला जातो, तो प्रवेश गाळू नये.