हात दाखवून अवलक्षण

कर्वे रस्त्यावर उजवीकडे वळायचं म्हणून मी उजवा हात कोपर न वाकवता, अगदी खांद्याच्या रेषेत लांब केला आणि कुणीतरी माझ्या तळहातावर झुंबा क्लासची जाहिरात ठेवली. पत्रकं वाटणाऱ्या त्या मुलाला मी दोष देत नाही. भर चौकात हात पुढे करून उभ्या असलेल्या बाईला दुसरं काय हवं असणार?

सायकल घेतली ती गुडघ्यांपायी. डॉक्टर म्हणाले, "पोहा, नाहीतर सायकल चालवा." पहिल्या शब्दावर मला फक्त नाश्ता आठवला, म्हणून सायकल. वयाच्या बावन्नाव्या वर्षी 21 गिअरची सायकल घरी आली. त्यातले चार मी वापरते, उरलेले सतरा कुरकुरतात.

चालवायची कशी हे मला येत होतं. तासाच्या भाड्यावर आणलेल्या, माझ्याहून उंच सायकलवर कैची मारत मी शिकले होते. नियम मात्र बाबांचे. ते ज्या पुण्यात सायकल चालवायचे तिथे सायकलला बिल्ला लागायचा, रात्री दिवा लागायचा आणि डबलसीट सापडलं तर पोलीस चाकातली हवा सोडून द्यायचा. त्यामुळे बाबा फाटकातून बाहेर पडतानासुद्धा हात दाखवायचे. समोर फक्त शेजाऱ्यांची मांजर असायची, पण हात दाखवल्याशिवाय वळायचं नाही म्हणजे नाही.

नाही म्हणायला मी अभ्यासही केला. नवऱ्याने लायसन्स काढतानाची पुस्तिका माळ्यावर सापडली, त्यात 1989 सालचे रस्त्याचे नियम होते. उजवीकडे वळताना उजवा हात आडवा धरायचा, हे ठीक. वेग कमी करताना तळवा जमिनीकडे करून हात वरखाली हलवायचा. मागच्याला पुढे जाऊ द्यायचं असेल तर हात मागून पुढे अर्धवर्तुळात झुलवायचा. आणि डावीकडे वळायचं असेल तर? उजवाच हात बाहेर काढून घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने गोल फिरवायचा. मोटारीत उजवीकडे बसलेल्या माणसाचा डावा हात बाहेर पोचणार कसा, हे त्यामागचं कारण. सायकलवालीला दोन्ही बाजू मोकळ्या असतात, तिने सरळ डावा हात काढावा. पुढे 2017 साली त्या नियमांच्या जागी नवेही आले. पण हे सगळं मला कळलं नंतर. त्याआधी आठवडाभर मी प्रत्येक डाव्या वळणाला उजवा हात गरागरा फिरवत होते. चौथ्या दिवशी एक रिक्षावाला शेजारी येऊन काळजीने म्हणाला, "काकू, चक्कर येतीये का? बसा बाजूला जरा."

मग डावा हात काढायला लागले, तर वेगळंच संकट. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या मुठीशी पुढचा ब्रेक असतो आणि डावीशी मागचा. ही रचना करणाऱ्याला मी मनोमन नमस्कार करते, कारण उजवा हात दाखवायला काढला तरी डाव्या मुठीत मागचा, म्हणजे गरीब स्वभावाचा ब्रेक राहतो. डावा हात काढला की उरतो पुढचा. आणि हँडल एकाच हातात. नेमका त्याच क्षणी केळ्यांची गाडी आडवी आली. मी दाबला. ब्रेक लावला की सगळा भार पुढच्या चाकावर जातो. म्हणूनच पुढचा ब्रेक जोरदार लागतो, आणि म्हणूनच तो एकदम करकचून दाबायचा नसतो. सायकल थांबली, मी थांबले नाही. हँडलवरून केळ्यांपर्यंत पोचले आणि त्यांना मिठी मारून उभी राहिले. गाडीवाल्याने शांतपणे विचारलं, "डझन की अर्धा डझन?" अर्धा डझन घेतली. तेव्हापासून वळणाच्या बरंच आधी हात दाखवते, मग दोन्ही हात हँडलवर घेते, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबते आणि त्यानंतर वळते. तोवर माझा हात कुणाच्या लक्षात राहिलेला नसतो, ही गोष्ट वेगळी.

डाव्या कडेने चालवा, असं सगळे सांगतात. डावी कड म्हणजे काय, ते सांगणाऱ्यांनी पाहिलेलं नसतं. तिथे चाकाच्या दिशेनेच गज बसवलेली गटाराची जाळी असते. बारीक टायर त्यात असा बसतो, जणू मापच घेतलं होतं. तिच्यापुढे उभ्या मोटारींची रांग. उभ्या मोटारीचं दार कधीही उघडू शकतं, म्हणून तिच्यापासून मीटरभर तरी लांब राहावं. तसं राहिलं की आपण रस्त्याच्या मध्याकडे सरकतो आणि मागून हॉर्नची आरती सुरू होते. एकाला मी थांबून समजावलंसुद्धा, की दादा, ते दार उघडलं तर मी तुमच्या चाकाखाली येईन. तो म्हणाला, "मग सायकल ट्रॅकवरून जा ना." गेले. ट्रॅकच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांमधून सायकल काढली, तर पुढे सात मोटारसायकली, एक शहाळेवाला आणि पेपर वाचत बसलेले एक आजोबा. मी घंटी वाजवली. आजोबांनी पान उलटलं.

पण खरी परीक्षा सिग्नलला. सरळ जायचं असतं, मी शहाण्यासारखी डावीकडे उभी राहते आणि तिथे असतो फ्री लेफ्ट. म्हणजे मागच्या चाळीस दुचाक्यांच्या आणि त्यांच्या जन्मसिद्ध हक्काच्या मध्ये एकटी मी. लाल दिव्याला थांबलेय, असं बोटाने दाखवलं तर सगळे त्या दिव्याकडे पाहतात, नवीन बसवलाय की काय अशा नजरेने. आता मी डावी लेन सोडून सरळ जाणाऱ्यांच्या पुढे, मोटारवाल्याला आरशात नाही तर काचेतून दिसेन अशी उभी राहते. सुरक्षित आहे. फक्त हिरवा दिवा लागल्यावर पहिली दहा सेकंदं अख्खं कोथरूड माझ्या मागून वरातीसारखं येतं.

परवा मात्र नवल घडलं. पुढे एक टेम्पो रेंगाळत होता. मी मागे वळून पाहिलं, उजवा हात दाखवला, बाहेर सरकले. तेवढ्यात ड्रायव्हरच्या खिडकीतून हात बाहेर आला आणि मागून पुढे, मागून पुढे, अर्धवर्तुळात झुलू लागला. 1989 साल! अक्षरशः पुस्तिकेतलं चित्र! माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. बाबा असते तर सायकलवरून उतरून हात जोडले असते. मी जोरात पेडल मारले, टेम्पोच्या बरोबरीला आले आणि म्हटलं, "थँक यू हं, दादा!"

तो दचकला. "काय झालं, ताई?" तळहाताला उरलेला चुना झटकत त्याने विचारलं, आणि माझ्याकडे बघता बघता, हात न दाखवता, उजवीकडे वळला.