‘आता सगळं संपलंय’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला एक उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या ग्रुपांवर ‘कडू सत्य’ म्हणून एक लांबलचक मेसेज फिरतोय. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जगाच्या तापमानवाढीची 1.5 डिग्रीची मर्यादा 2024 लाच ओलांडली म्हणजे खेळ खल्लास, 2030 नंतर काहीच करता येणार नाही असं शास्त्रज्ञच म्हणतात, आज सगळे कारखाने आणि गाड्या बंद केल्या तरी तापमान शेकडो वर्षं वाढतच राहणार, आपण काही केलं तरी चीन-अमेरिका ऐकणार नाहीत, आपल्याकडं आता एक वर्ष पूर नि एक वर्ष दुष्काळ त्यामुळं जमिनी विका आणि मोकळे व्हा, आणि शेवटी, आशा दाखवणारे सगळे खोटारडे आहेत, पोरांना सरळ सांगा की तुम्हाला भविष्य नाही.

मला हा मेसेज शिकल्यासवरल्या, तळमळीच्या माणसांकडून आलाय, म्हणून तेवढ्याच तळमळीनं उत्तर देतोय. ‘पूर काय पूर्वीपण यायचे’ म्हणून विषय उडवून लावणाऱ्यांतला मी नाही. धोका खरा आहे, मोठा आहे, आणि तो आपल्या शिवारापर्यंत आलाय. पण या मेसेजमध्ये अर्ध खरं आणि अर्ध खोटं एकत्र कालवलंय, आणि जे खोटं आहे नेमकं तेच माणसाला हातपाय गाळून बसायला लावतं.

पहिलं 1.5 चं. 2024 हे वर्ष 1850 ते 1900 च्या, म्हणजे जगभर कारखानदारी पसरण्याआधीच्या, सरासरीपेक्षा साधारण 1.55 डिग्रीनं जास्त गरम गेलं, हे जागतिक हवामान संघटनेनंच सांगितलंय, त्यात वाद नाही. पण 2015 च्या पॅरिस करारातली मर्यादा एका वर्षाची नाही, ती वीसेक वर्षांच्या सरासरीवर मोजतात, आणि ती सरासरी अजून 1.3 ते 1.4 च्या घरात आहे. आता लगेच कुणी म्हणेल बघा, म्हणजे अजून वाचलो. तसंही नाही. पुढच्या दहाएक वर्षांत ती सरासरीसुद्धा 1.5 ओलांडेल असंच दिसतंय आणि हे लपवण्यात अर्थ नाही. मुद्दा वेगळाच आहे. 1.5 ही काही अशी रेघ नाही की अलीकडं सगळं ठीक आणि पलीकडं सगळं खलास. 1.5 ला जगातली 70 ते 90 टक्के प्रवाळं जाण्याचा अंदाज आहे, 2 ला 99 टक्क्यांहून जास्त. म्हणजे 1.5 ला पण नुकसान भयंकरच, पण 1.6 पेक्षा 1.7 वाईट, 1.7 पेक्षा 1.8 वाईट. जो म्हणतो एकदा ओलांडलं की पुढं कितीही गेलं तरी फरक पडत नाही, त्यानं उलटाच अर्थ काढलाय. जेवढं वर जाऊ तेवढं प्रत्येक पुढच्या दशांशाला महत्त्व जास्त.

2030 ची भानगड 2018 च्या आयपीसीसी (हवामानबदलावरचं संयुक्त राष्ट्रांचं शास्त्रज्ञांचं मंडळ) अहवालातून आली. त्यात असं होतं की 1.5 वर थांबायचं असेल तर 2030 पर्यंत कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन 2010 च्या मानानं साधारण 45 टक्क्यांनी कमी व्हायला पाहिजे आणि 2050 च्या आसपास निव्वळ शून्यावर, म्हणजे जेवढा हवेत सोडू तेवढाच परत काढून घेऊ अशा पातळीवर, यायला पाहिजे. हे जगाच्या अंताचं वर्ष नव्हतं, एका लक्ष्याचं वेळापत्रक होतं. ते वेळापत्रक आपण पाळत नाही आहोत हे खरं, आणि त्याचा राग यायलाच पाहिजे. पण 2031 उजाडला म्हणून काम थांबवा असं त्या अहवालात कुठंही नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात घातक वाटतो मला, कारण तो ऐकून भलीभली माणसं गप्प होतात. सगळं बंद केलं तरी तापमान शेकडो वर्षं वाढत राहणार म्हणे. आत्ताचं विज्ञान असं सांगत नाही. कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन निव्वळ शून्यावर आलं की काही वर्षांतच तापमानवाढ जवळपास थांबेल असा आयपीसीसीच्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, कारण समुद्र हवेतला कार्बन ओढत राहतो त्यामुळं थोडा थंडावा येतो, आणि समुद्रात आधीच मुरत असलेल्या उष्णतेमुळं थोडी वाढ होते, आणि दोन्ही एकमेकांना साधारण खोडून काढतात. आता याची दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर मीच अर्ध सांगितल्यासारखं होईल. थांबतं म्हणजे खाली येत नाही. चढलेलं तापमान शतकानुशतकं तिथंच राहतं, आणि समुद्राची पातळी तर शेकडो वर्षं वाढत राहणार आहे, ते आता कुणाच्या हातात नाही. जे गेलं त्यातलं बरंच परत येणार नाही. पण पुढं किती जाईल ते अजून माणसांच्या हातात आहे.

चीन-अमेरिकेचं पटकन सांगतो. 2015 च्या सुमाराची धोरणं तशीच चालली असती तर शतकाच्या शेवटी 4 डिग्रीच्या आसपास जायचा अंदाज होता, आजच्या धोरणांनी तो 3 च्या आसपास आलाय. 3 सुद्धा भीषणच आहे पण एक डिग्री काही आभाळातून पडली नाही, माणसांनी केलेल्या कामातून कमी झाली. 2010 ते 2019 मध्ये सोलर वीज तयार करायचा खर्च 85 टक्क्यांनी उतरला. चीन जगात सगळ्यात जास्त कोळसा जाळतो आणि सगळ्यात जास्त सोलरपण बसवतो, दोन्ही खरं. आपल्या कर्नाटकात पावगडला 2,050 मेगावॅटचा सोलर पार्क उभा आहे. देशाची निम्मी वीजक्षमता 2025 मध्ये बिगर-कोळसा, बिगर-तेल-गॅस झाली, पण प्रत्यक्ष वापरतो त्या विजेतली मोठी वाटणी अजून कोळशाचीच, हे पण खरं.

आता आपल्या भागाचं. इथं मेसेजवाल्याला खरी वेदना आहे ते कळतं. 2019 चा उन्हाळा आठवा, चिकोडी-अथणी-रायबाग भागात कृष्णेचं पात्र कोरडं, कोयनेतून पाणी सोडा म्हणून कर्नाटकानं महाराष्ट्राकडं मागणी लावून धरलेली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय सगळ्यांनी एकदम घेरलं, निपाणीजवळ हायवे बंद, गोकाक-रामदुर्गात घरं पाण्यात. 2021 ला पुन्हा पूर. 2023 ला पाऊसच नाही, राज्यातले 236 पैकी 223 तालुके दुष्काळी जाहीर. हवा एक डिग्री तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळं पडतो तेव्हा धो धो पडतो आणि उघडतो तेव्हा जमीन लवकर वाळवतो. मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 मध्ये तिपटीनं वाढल्याचं पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलंय. तेव्हा पुढं बरं होईल असं मी म्हणणार नाही.

पण पुराचं सगळं खापर हवामानावर फोडणं हासुद्धा खोटेपणाच, आणि तो सोयीचा खोटेपणा आहे कारण मग कुणालाच जाब विचारावा लागत नाही. 2019 च्या पुरानंतर महाराष्ट्र सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं अतिवृष्टीबरोबर नदीकाठच्या अतिक्रमणांवर आणि बांधकामांवरही बोट ठेवलं होतं. आपल्या शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात शिरतं, बासमती कुजून जातं, दुबार लावणी करावी लागते, ते काय फक्त पृथ्वी तापली म्हणून? नाल्यात गाळ आहे, जलपर्णी आहे, दोन्ही बाजूनं पात्र दाबत आणलंय, शेतकरी वर्षानुवर्षं ओरडतायत. हा नाला साफ करायला पॅरिसचा करार लागत नाही. पाऊस किती पडेल ते आपण ठरवू शकत नाही पण पडलेलं पाणी वाटेत कुठं अडकेल ते बऱ्याच अंशी आपणच ठरवतो.

ओडिशाचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथं साधारण 10,000 माणसं गेली. 2013 ला फायलिन चक्रीवादळ आलं, तेपण अतितीव्रच, पण वेळेत इशारा दिला, जवळपास 10 लाख लोकांना हलवलं, निवारे आधीच बांधलेले होते, आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. शेतीचं, घरांचं नुकसान प्रचंड झालं, ते टळलं नाही. माणसं मात्र वाचली. याला मी आशा म्हणतो.

जमिनी विकायचा सल्ला देणाऱ्याला एवढंच विचारतो की विकून कुठं जायचं? बेंगळूरला 2024 च्या उन्हाळ्यात टँकरसाठी रांगा होत्या. ज्याचं शेत दरवर्षी पुराखाली जातं त्यानं उसाऐवजी काय, लावण कधी, घर वर हलवायचं का, हा हिशोब जरूर करावा आणि कुणी विकायचं ठरवलं तर तो त्याचा हक्क. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या भीतीनं सातबारा मोकळा करू नये, उतारा म्हणा हवं तर, कारण घाबरलेल्याकडून जमीन स्वस्तात घेणारे तयारच बसलेले असतात.

आणि पोरांचं. माझ्या नववीतल्या भाचीनं हा मेसेज वाचून विचारलं, मामा मग आम्ही शिकून करायचं काय? मला त्या मेसेजचा सगळ्यात जास्त राग तिथं आला. तिला मी ‘काही होत नाही गं’ असं म्हटलं नाही, ती काय लहान नाही, तिनं 2019 ला मावशीच्या घरात चिखल बघितलाय. मी सांगितलं की तुझ्या आयुष्यात उन्हाळे आत्तापेक्षा कडक असतील, पाऊस जास्त बेभरवशाचा असेल, काही गावांना जागा सोडावी लागेल आणि यात तुझी काही चूक नाही. आणि हेही सांगितलं की 2 डिग्रीचं जग आणि 3 डिग्रीचं जग ही दोन वेगळी जगं आहेत, त्यातलं कुठलं येईल ते अजून ठरलेलं नाही, आणि कमी पाण्यावरचं भात, पुराचा इशारा, बॅटऱ्या, नाल्यांचं नियोजन या सगळ्याला शिकलेली माणसं लागतात. ती घाबरलेलीच होती, पण ऐकत होती, प्रश्न विचारत होती. पोरांना ‘तुम्हाला भविष्य नाही’ असं सांगणाऱ्याला खरं बोलणारा म्हणायला मी तयार नाही, कारण हे त्याला माहीतच नाही, कुणालाच माहीत नाही.

मेसेज पुढं पाठवायचाच असेल तर त्यातले पूर-दुष्काळाचे आकडे ठेवा, ते लोकांना कळायलाच पाहिजेत. जमिनी विका आणि पोरांना भविष्य नाही ही दोन वाक्यं काढा. आणि त्यांच्या जागी आपल्या पुढच्या ग्रामसभेची तारीख टाका, पूररेषेचा नकाशा दाखवा आणि नाल्याचा गाळ पावसाआधी काढा, या दोन मागण्यांसकट.