पाच लाखांचा आकडा आणि दिवाणी न्यायालयाची अधिकारिता

नागपुरातील प्लॉटधारकांच्या आणि घरमालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश वारंवार फिरतो. त्यातील विधाने थोडक्यात अशी आहेत: कनिष्ठ न्यायालयाला पाच लाखांपर्यंतचेच दावे चालवता येतात आणि त्यापुढचा दावा हायकोर्टात जातो, जमिनीचा वाद तहसीलदाराकडेच न्यावा लागतो, भाडेकरूला काढण्याआधी रेंट कंट्रोलरची (भाडे नियंत्रण अधिकाऱ्याची) परवानगी लागते, दोन्ही पक्षांनी लिहून दिले तर कोणतेही न्यायालय चालते, आणि चुकीच्या न्यायालयात दाखल झालेला दावा कायमचा बुडतो. या संदेशावर विसंबून लोक वकिलाकडे जाण्याआधीच आपला मार्ग ठरवून टाकतात, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासणे आवश्यक वाटते.

पाच लाखांचा आकडा काल्पनिक नाही. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्यासाठी महाराष्ट्रात वादमूल्याची, म्हणजे दाव्याच्या कायद्याने ठरणाऱ्या किमतीची, ती मर्यादा आहे. मात्र त्यापुढचा दावा हायकोर्टात जात नाही, तो दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्याकडे जातो आणि त्यांच्या अधिकारितेला, म्हणजे दावा चालवण्याच्या अधिकाराला, रकमेची कमाल मर्यादा नाही. उच्च न्यायालयाची मूळ दिवाणी अधिकारिता, म्हणजे दावा थेट तेथेच दाखल करून घेण्याचा अधिकार, मुंबईपुरती आहे. सिव्हिल लाइन्समधील नागपूर खंडपीठात अपिले आणि रिट याचिका चालतात. पन्नास लाखांच्या वसुलीचा साधा दावा तेथे दाखलच होऊ शकत नाही. शिवाय वादमूल्य म्हणजे मालमत्तेचा बाजारभाव असेही नाही. वादपत्रात काय मागितले आहे, त्यावरून न्यायालय शुल्काचा कायदा मूल्यांकनाची रीत ठरवतो. चाळीस लाखांच्या प्लॉटचे इसारपत्र करून विक्रीपत्र करून देण्यास नकार देणाऱ्या मालकाविरुद्ध करारपूर्तीचा दावा करायचा असेल, तर मोबदल्याची रक्कम धरली जाते आणि दावा वरिष्ठ स्तराकडे जातो. पण त्याच प्लॉटवर शेजाऱ्याने भिंत चढवू नये एवढाच मनाई हुकूम हवा असेल, तर तो दावा कनिष्ठ स्तराकडे चालू शकतो.

जमिनीविषयीचे विधान सर्वांत जास्त नुकसान करणारे आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ९ नुसार दिवाणी स्वरूपाचा प्रत्येक वाद दिवाणी न्यायालयाने चालवायचा असतो. एखाद्या कायद्याने तो स्पष्टपणे किंवा गर्भितार्थाने वर्ज्य केला असेल तेवढाच अपवाद. अधिकारिता नाही असे ज्याचे म्हणणे असेल, त्याने ती कोणत्या कायद्याने काढून घेतली हे दाखवावे लागते. असे कायदे आहेत, आणि विदर्भातील शेतकऱ्याला त्यांतला एक चांगलाच परिचित आहे: कूळ आहे की नाही हा प्रश्न १९५८ च्या विदर्भाच्या कूळ कायद्याखाली महसूल अधिकारीच ठरवतो, आणि दाव्यात तो उपस्थित झाल्यास दिवाणी न्यायालयाला तेवढा मुद्दा त्याच्याकडे पाठवावा लागतो. शेताच्या वहिवाटीच्या रस्त्यावरील अडथळा तहसीलदार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दूर करू शकतो, पण त्याचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या (दाव्याच्या अंतिम निर्णयाच्या) अधीन राहतो. मालकी मात्र तहसीलदार ठरवत नाही. सातबारा किंवा आखिव पत्रिका यांवरील नोंद महसुली कामासाठी असते, तिने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. फेरफाराविरुद्ध अपिलांवर अपिले करत वर्षे घालवणाऱ्या भावंडांना खरे तर वाटपाचा दावा करायचा असतो. हिस्से दिवाणी न्यायालय ठरवते. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. दोन्ही कार्यालये एकाच प्रकरणात येत असल्यामुळे हा गोंधळ माजला असावा. आणखी एक बाब: त्याच संहितेच्या कलम १६ मुळे शेत काटोल तालुक्यात असेल तर ताब्याचा दावा तेथील अधिकारितेतच करावा लागतो, मालक नागपुरात राहतो म्हणून तो नागपुरात येत नाही.

रेंट कंट्रोलरचे विधान कधीकाळी खरे होते, हे मान्य करायला हवे. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४९ च्या भाडे नियंत्रण आदेशानुसार विदर्भातील घरमालकाला भाडेपट्टा संपुष्टात आणण्यापूर्वी रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावीच लागे, आणि नागपुरातील जुन्या घरमालकांनी त्या फेऱ्या मारलेल्या आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि ती पद्धत संपली. त्याच्या कलम ३३ नुसार घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील दावे, रक्कम कितीही असली तरी, लघुवाद न्यायालय असेल तेथे त्याच्याकडे आणि नसेल तेथे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे जातात. म्हणजे पाच लाखांची मर्यादा येथे लागूच होत नाही. मुदत संपलेल्या निवासी लिव्ह अँड लायसन्ससाठी कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याचा वेगळा मार्ग आहे.

संमतीबद्दलचे विधान अर्धवट आहे. मुळात सक्षम असलेल्या दोन न्यायालयांपैकी एक करारात निवडता येते, नसलेली अधिकारिता संमतीने निर्माण करता येत नाही. येथे किरण सिंह विरुद्ध चमन पासवान हा सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा निवाडा सर्रास सांगितला जातो, कारण अधिकारितेशिवाय दिलेला हुकूमनामा शून्यवत असतो असे त्यात म्हटले आहे. सांगणारे निकाल मात्र सांगत नाहीत. त्या प्रकरणात वादींनी स्वतःच दाव्याचे मूल्य कमी दाखवले होते, आणि हरल्यावर अपील चुकीच्या न्यायालयात चालले अशी तक्रार केली होती. ती फेटाळली गेली. रकमेची किंवा स्थळाची हरकत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २१ नुसार पहिल्याच संधीला, वादमुद्दे निश्चित होण्यापूर्वी घ्यावी लागते, आणि न्याय बिघडल्याखेरीज ती अपिलात ऐकली जात नाही. ज्या विषयाचा वाद चालवण्याचा अधिकारच न्यायालयाला नाही, तेथे हरकत उशिरा घेतली म्हणून हुकूमनामा टिकत नाही.

शेवटचे विधान भीती पसरवणारे आहे. चुकीच्या न्यायालयात आलेले वादपत्र त्याच संहितेच्या आदेश ७, नियम १० नुसार योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत केले जाते. सद्भावनेने आणि तत्परतेने लढण्यात तेथे गेलेला काळ मुदत कायदा, १९६३ च्या कलम १४ खाली वगळला जातो. अट एवढीच की चूक निष्काळजीपणाची नसावी, आणि हे सिद्ध करण्याचे ओझे वादीवर असते.