मानकुराद आंब्याचा फ्लेवर, घरच्या घरी

बाहेरचं काही ओढू नये, पात्रांव. बाहेरच्या भज्यांचं तेल किती वेळा तापलंय म्हणून तुम्ही नाक मुरडता, मग ई-सिगारेटचं लिक्विड तेवढं बाहेरचं कशाला? आणि तसंही २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं सगळंच देशभर बंद आहे. बनवल्या-विकल्याबद्दल पहिल्या खेपेला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण गोव्यात, फोंड्यात तुमच्या रांदचेकुडीत, म्हणजे स्वयंपाकघरात, कोण डोकावतंय? मागचं दार तेवढं ओढून घ्या.

साहित्य मोजकंच: प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि फ्लेवर. ग्लिसरीन जे स्वस्त मिळेल ते घ्या. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले आणि पुढे लेंटिन आयोग बसला, हे खरं. पण तिथे खरेदीचे नियम होते, ते मोडले गेले. तुमच्याकडे नियमच नाहीत, तर मोडणार काय? निकोटिन कातडीतूनही अंगात उतरतं, म्हणून हातमोजे घालतात म्हणे. तुम्ही मसाल्याच्या चमच्याने मोजा आणि चमचा परत डब्यात टाका. बाटलीवर आंब्याचं छानसं चित्र चिकटवा, घरातल्या पोरांना लगेच सापडेल.

आता स्वाद. खरी कला इथे आहे.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुम्हाला मी पाहिलंय. मानकुरादचा एकेक आंबा उचलायचा, देठाशी हुंगायचा, बोटाने हलकेच दाबायचा. 'पावडर घालून पिकवलेला नाही ना गे?' असं त्या बाईला तीनदा विचारायचं. चौथ्यांदा विचारलंत तेव्हा तिने टोपलीच पलीकडे सरकवली. शाब्बास! घरी येऊन याच हातांनी कुठल्याशा बाटलीतून पिवळं एसेन्स ओतायचं आणि त्याला मात्र एक प्रश्न विचारायचा नाही. बाटलीवर 'खाण्यायोग्य' लिहिलंय ना, झालं. खाण्यायोग्य म्हणजे पोटासाठी. फुप्फुसाला जेवायची सवय नाही, ती आता लावा.

खरा आमरस घालायचा मोह होईल. घाला की. साखर ई-सिगारेटच्या तापलेल्या तारेवर, म्हणजे कॉइलवर, करपते आणि आंब्याऐवजी जळक्या गुळाचा वास येतो, एवढंच.

बेबिंकचा, म्हणजे आपल्या थरांच्या गोड केकचा, फ्लेवर हवा असेल तर लोण्याचा वास लागतो, आणि तो आणणारं एक रसायन आहे, डायअसेटिल. २००० साली अमेरिकेतल्या मिसुरीत पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांच्या श्वासनलिकांचं जे कायमचं नुकसान उघडकीला आलं, त्याचा माग या लोण्याच्या वासापर्यंत गेला. त्या बिचाऱ्यांना वास फुकट मिळत होता, तुम्ही पदरचे पैसे खर्चून घेताय. त्यांच्यापेक्षा तुमची निष्ठा मोठी.

आणि खोबरेल? गोंयकाराच्या घरात ते नाही असं व्हायचं नाही. पण तेल फुप्फुसात गेलं की न्यूमोनियाचा एक खास प्रकार होतो. २०१९-२० मध्ये अमेरिकेत वाफ ओढणारे २,८०० हून अधिक जण फुप्फुसं बिघडून रुग्णालयात गेले, ६८ मेले. मुख्य संशय तेलकट व्हिटॅमिन ई अॅसिटेटवर होता. त्यातल्या बहुतेकांनी गांजाच्या अर्काचं काहीतरी ओढलं होतं, तेव्हा तुम्ही निर्धास्त राहा. खोबरेल तर सात्त्विक.

मिश्रण झालं की लोणच्यासारखं काळोखात मुरत ठेवायचं. रंग तपकिरी झाला तर 'मुरलं' म्हणायचं.

एवढं करून थोड्या दिवसांनी चव लागेनाशी होते. एकच वास सतत घेतला की नाक त्याला कंटाळतं, ओढणाऱ्यांची ही जुनीच तक्रार. घाबरू नका, थेंब वाढवा. तरी नाही लागली तर आणखी वाढवा. आवय, म्हणजे आई, जिन्यातूनच ओरडेल, 'कसलो रे हो वास?' शेजारीण खिडकी लावून घेईल. तुम्ही मात्र बाटली नाकाला लावून मानकुराद कुठे गेला ते शोधत बसा.