सायबेरियातली झाडं झोपली म्हणून मुंबईला दम लागत नाही

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि दोन दिवसांत तोच मला आणखी तीन ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: पृथ्वीचा बहुतेक प्राणवायू सायबेरिया-कॅनडाच्या जंगलांतून येतो, हिवाळ्यात ती झाडं झोपतात म्हणून जानेवारीत मुंबईकरांना दम लागतो, ती जळाली तर पाच वर्षांत प्राणवायू संपेल, आणि म्हणूनच मुंबईतली झाडं तोडली तरी काही बिघडत नाही. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. हे वाचून गप्प बसवत नाही.

'बहुतेक प्राणवायू तिथूनच येतो.' नाही. स्प्रूस, पाइन, लार्च, बर्चचा तो पट्टा, म्हणजे तैगा, अवाढव्य आहे आणि प्राणवायू सोडतोही. पण जुनं जंगल जेवढा सोडतं, तेवढा जवळजवळ सगळा तिथेच खर्ची पडतो. झाडांचा स्वतःचा श्वास रात्रंदिवस चालू असतो, आणि गळलेल्या सुया (यांतल्या बहुतेक झाडांची पानं सुईसारखी असतात) नि लाकूड कुजवणाऱ्या बुरशीलाही प्राणवायूच लागतो. शिवाय जगातलं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण समुद्रात होतं. आज आपण छातीत ओढतो ती कोट्यवधी वर्षांची शिल्लक आहे.

'हिवाळ्यात झाडं झोपतात.' हे मात्र खरं. लार्च सुया गाळून टाकतो. स्प्रूस हिरवा राहतो, पण कडाक्याच्या थंडीत त्याच्याही सुयांचं काम जवळपास बंद असतं. प्रकाशाचं महत्त्व मुलांना दाखवायला मी बीकरमध्ये हायड्रिला ही पाणवनस्पती ठेवायचे, वर उपडं नरसाळं, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. दिवा जवळ आणला की देठाच्या कापलेल्या टोकातून बुडबुड्यांची माळ सुटायची, मुलं मोठ्याने मोजायची. दिवा बंद केला की माळ विरळ होत थांबायची. प्राणवायू पाण्याचा रेणू फुटून निघतो आणि तो फोडायला उजेड लागतो. पिंपळ रात्रीही प्राणवायू देतो म्हणणाऱ्यांनाही माझं उत्तर हाच बीकर.

पण तैगा झोपला म्हणून दादरची हवा विरळ होत नाही. हवेत प्राणवायू २०.९५ टक्के असतो. ऋतूंप्रमाणे त्यात होणारा बदल दर दहा लाख भागांत शंभराहूनही कमी भागांचा, आपल्या फुप्फुसांना तो कळणारही नाही. तुलनेसाठी महाबळेश्वर घ्या. साधारण १,३५० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून तिथे प्रत्येक श्वासात मुंबईपेक्षा सुमारे १५ टक्के कमी प्राणवायू मिळतो. तरी आपण तिथे 'मोकळा श्वास' घ्यायला जातो! जानेवारीत मुंबईत घसा धरतो, छाती भरते ती धुळीने आणि धुराने. वारा मंदावतो, जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही आणि बांधकामांची धूळ, गाड्यांचा धूर खालीच कोंडतो. दोष सायबेरियावर ढकलला की समोरच्या उघड्या डंपरला कोणी जाब विचारत नाही.

'जळाली तर पाच वर्षांत संपेल.' पृथ्वीवरची एकूण एक झाडं-झुडपं जाळली, तरी हवेतल्या प्राणवायूचा हजारावा हिस्सा संपेल. २०.९५ चे २०.९३ टक्के होतील, एवढंच. तैगा जळण्याची भीती मला वाटते ती वेगळ्या कारणाने. तिथल्या थंडीत पालापाचोळा पुरता कुजत नाही, शेवाळाखाली, गोठलेल्या मातीत हजारो वर्षांचा कार्बन साठत गेलाय. २०२३ मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जळालं. अशा आगीत झाडांबरोबर मातीही धुमसते. प्राणवायूच्या साठ्याच्या तुलनेत नगण्य वाटणारा हा कार्बन हवेत मात्र भारी पडतो, कारण तिथे कार्बन डायऑक्साइड मुळात जेमतेम ०.०४ टक्के आहे. थोडी भर पडली तरी तापमान चढतं.

राहिलं शेवटचं वाक्य. मेसेज फिरतोय तो त्याच्यासाठीच, असं मला वाटतं. आमच्या आवारातला रेन ट्री पार्किंगसाठी तोडायचा विषय रविवारच्या सभेत आहे. हे झाड आपल्याला प्राणवायू पुरवतं असा दावा मी करणार नाही. पण एप्रिलच्या दुपारी इस्त्रीवाला आपली गाडी त्याच्याच सावलीत लावतो, शाळेची बस येईपर्यंत मुलं तिथेच उभी राहतात. त्याच्या मुळांभोवतीच्या मातीत पावसाचं पाणी जिरतं, बाकी सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक आहेत. शिवाय १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. रविवारी मी कायद्याची प्रत घेऊन येतेय, आणि बीकरही.